काढलेल्या आंत्रपुच्छाचे पुढे काय?

रात्री बेंबीभोवती कळ येते. घरातली वडीलधारी मंडळी ओवा देतात, बेंबीत हिंग घालतात. पहाटेपर्यंत कळ उजवीकडे खाली सरकते, ओकाऱ्या होतात, ताप चढतो. डॉक्टर पोट चाचपून 'अपेंडिक्स' म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरेच असते. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, घर सुटकेचा नि:श्वास टाकते. काढलेल्या बोटभर तुकड्याची आठवण मात्र कोणाला राहत नाही.

ती ठेवायला हवी. कारण काढलेल्या साधारण शंभर आंत्रपुच्छांत एखाद्यात गाठ निघते. ती मुळाशी असली तर पोकळी तुंबते, जंतू वाढतात आणि खरोखरीचीच सूज येते. म्हणजे सर्जनचे निदान चुकीचे नसते, अपुरे असते. टोकाशी असलेली लहान गाठ तर सूक्ष्मदर्शकाखालीच प्रथम दिसते.

यातल्या एका जातीच्या गाठींना म्युनिकचे झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये 'कार्सिनॉइड', म्हणजे कर्करोगासारख्या, असे नाव दिले. त्यांना त्या निरुपद्रवी वाटल्या होत्या. पुढे १९२९ मध्ये, त्या पसरूही शकतात, हे त्यांनीच मान्य केले. गाठ एक सेंटिमीटरहून लहान असून पूर्ण निघाली असेल, तर बहुधा आणखी उपचार लागत नाहीत. दोन सेंटिमीटरहून मोठी असेल, तर मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढण्याचा विचार करावा लागतो.

दुसऱ्या जातीच्या गाठी चिकट स्राव पाझरत गुपचूप पोटभर पसरतात. अभिनेत्री ऑड्री हेपबर्न १९९२ मध्ये युनिसेफच्या कामासाठी सोमालियाला गेल्या होत्या. परतल्यावर पोटदुखीने बेजार झाल्या. शस्त्रक्रियेत आंत्रपुच्छातून पसरलेला कर्करोग आढळला आणि २० जानेवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

घाबरून जाण्याचे कारण नाही. शंभरातले नव्याण्णव निर्धास्तच असतात. पण दोन प्रश्न विचारायला संकोच करू नये. तुकडा तपासणीला पाठवला का? आणि अहवाल कधी मिळेल? आजकाल काही रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी नुसती प्रतिजैविके देतात. तेव्हा तपासायला तुकडाच नसतो. रुग्ण चाळिशीपुढचा असेल, तर नंतर स्कॅन किंवा दुर्बिणीची तपासणी हवी का, हे आवर्जून विचारावे.

टाके निघाले की आपण दवाखान्याकडे पाठ फिरवतो. अहवाल येतो त्यानंतर. तेवढी एक खेप अवश्य करावी आणि तो कागद घरच्या फायलीत जपून ठेवावा.