होडीसाठीं हलकी व ताठ डोलकाठी

ज्यांचीं शेतें व बागा खाडीकांठीं आहेत, अशा आमच्या वाचकांपैकीं कांहींस लहान शिडाची होडी बाळगण्याची हौस असते. तिची डोलकाठी भरीव वाशाची केल्यास मजबूत होते खरी. परंतु होडी कलूं लागली म्हणजे उंचावरचा तो भार तिला अधिकच कलंडवितो, व एकट्या माणसाच्या जिवावर बेततें. उलटपक्षीं काठी बारीक केली तर ती लवते व शीड ताब्यांत राहत नाहीं.

यावरील उपाय सृष्टीनेंच दाखविला आहे. बांबू पोकळ असूनही ताठ असतो. कारण वांकतांना ताण मुख्यत्वें बाहेरच्या थरावर पडतो, गाभ्यास काम थोडें. व्यासाच्या सहा दशांश इतका गाभा वगळल्यास वजन शेंकडा ३६ घटतें, ताठपणा मात्र शेंकडा १३ च उणा होतो. ३ इंची भरीव काठीऐवजीं ३⅛ इंची पोकळ काठी केली कीं ही उणीव भरून निघते, आणि वजन तरीही सुमारें शेंकडा ३० कमी राहतें.

कृति अशी: सरळ दोऱ्याच्या, गांठी नसलेल्या सुक्या लाकडाच्या ८ पट्ट्या सव्वा इंच रुंद व ⅝ इंच जाड कराव्या. लांबी अपुरी असल्यास जाडीच्या बारापट, म्हणजे साडेसात इंच, तिरकस सांधा द्यावा. सर्व सांधे एका जागीं येऊं देऊं नयेत. प्रत्येक पट्टीच्या एका कडेस लांबीभर काटकोनी खांच पाडून तींत शेजारच्या पट्टीची कड बसवावी, म्हणजे आठांचें नळकांडें बनतें. सांधे इपॉक्सीनें चिकटवावे. साग तेलकट असल्यानें तो आधीं ॲसिटोननें पुसावा. आंतील बाजूसही इपॉक्सीचा हात द्यावा. बुडाशीं व दोर बांधावयाच्या जागीं भरीव ठोकळे घालावे, नाहीं तर पोकळ काठी तेथें चेपते. नंतर दोरीनें जागोजाग आवळून, ताणलेल्या सुतळीशीं सरळपणा पाहून, ती वाळूं द्यावी; एकदां वाळल्यावर बांक निघत नाहीं. शेवटीं रंध्यानें गोल करून रोगण द्यावें, कारण इपॉक्सीस ऊन सोसत नाहीं.

होडीवर चढविण्यापूर्वीं जुनी व नवी काठी सारख्याच अंतराच्या दोन टेकूंवर ठेवून मध्यें एकच वजन टांगावें व लवण मोजावी. नवी अधिक लवली, तर ती मांडवास लावावी; खाडींत नेऊं नये.