भिंतीत आधीच ठोकलेल्या खुंट्या

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला. त्यात पान वाचता येई आणि तिथल्या तिथे दुरुस्तही करता येई. पण तो चाले फक्त नेक्स्ट या महागड्या, मोजक्यांकडेच असलेल्या संगणकावर. १९९३ मध्ये मोझॅक आला. वेब सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती त्याच्यामुळे, मात्र त्यात लिहिण्याची सोय नव्हती. वाचणारे कोट्यवधी आणि लिहिणारे मूठभर, ही विभागणी वेबच्या मूळ कल्पनेत नव्हती; ती वाटेत झाली.

पुढे काही वर्षे वेबसाइट म्हणजे सर्व्हरवर ठेवलेला फायलींचा गठ्ठाच असे. दुकानाचा फोन नंबर बदलला, की तो जिथे जिथे छापला आहे ती प्रत्येक फाईल उघडायची, एचटीएमएलच्या खुणांना धक्का न लावता आकडे बदलायचे आणि फाईल परत सर्व्हरवर चढवायची. हे करणारा माणूस गावाला गेला, की जुना नंबर तसाच.

यावरचा उपाय म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, व्यवहारात सीएमएस. तिच्यात मजकूर डेटाबेसमध्ये राहतो आणि पानाचा साचा, म्हणजे थीम, वेगळीकडे. तुम्ही पत्ता टाकता तेव्हा ते पान बहुतेक वेळा अस्तित्वातच नसते. मागणी आल्यावर प्रोग्रॅम डेटाबेसमधून मजकूर उचलतो, साच्यात भरतो आणि तयार पान पाठवतो. त्यामुळे नंबर एकदाच, एकाच जागी बदलायचा. मालकाला दिसते ती फक्त एक चौकट आणि ‘प्रकाशित करा’ असे बटण.

आज जगातल्या दर पाच वेबसाइटांपैकी दोनांहून अधिक वर्डप्रेस या एकाच सीएमएसवर चालतात. तिचा जन्म मात्र एका पोरक्या प्रोग्रॅममधून झाला. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाने २००१ मध्ये बी-टू नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. काही काळाने त्याचे काम थांबले. बी-टूचा परवाना मुक्त असल्याने तो उचलून पुढे न्यायला कुणाचीही परवानगी लागत नव्हती. ह्यूस्टनचा एकोणीस वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिट्ल यांनी तो उचलला. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली.

वर्डप्रेसच्या यशाचे श्रेय सहसा तिच्या सोपेपणाला दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण सोपी साधने आणखीही होती. माझ्या मते खरी करामत २००४ मध्ये प्लगइनची सोय आली तेव्हा झाली. मूळ प्रोग्रॅममध्ये ठरावीक ठिकाणी खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. ‘लेख जतन झाला’, ‘मजकूर पानावर जायच्या बेतात आहे’ अशा प्रत्येक क्षणाला एक नाव आहे. बाहेरचा कुणीही आपला छोटा प्रोग्रॅम त्या नावाला अडकवू शकतो. भिंत फोडावी लागत नाही. पानावर जाणाऱ्या मजकुरातले इंग्रजी आकडे देवनागरी करून टाकणारे प्लगइन लिहायचे, तर काही ओळींचे काम. मूळ प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली तरी अडकवलेली वस्तू सहसा जागेवर राहते. कुणाला काय टांगावेसे वाटेल हे बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. अधिकृत भांडारात आज पन्नास हजारांहून अधिक प्लगइन आहेत.

डेटाबेसची रचनाही अशीच सैल. लेख, कायमस्वरूपी पाने, छायाचित्रांच्या नोंदी, लेखाचे जुने खर्डे, इतकेच काय, मेनूतला एकेक दुवासुद्धा एकाच तक्त्यात ओळीने बसतो. हे काय आहे, ते एका रकान्यात लिहिलेले असते. त्यामुळे २०१० पासून एखाद्या वाचनालयाला ‘पुस्तक’ नावाचा स्वतःचा प्रकार सहज जोडता येऊ लागला. लेखक, किंमत, पृष्ठसंख्या ही माहिती दुसऱ्या तक्त्यात जाते, दर बाबीला एक वेगळी ओळ. डेटाबेसच्या जाणकारांना ही रचना पाहून कपाळाला हात लावावासा वाटतो, आणि ते चूक नाहीत. पुस्तके लाखाच्या घरात गेली, की ‘तीनशे रुपयांच्या आतली, अमुक लेखकाची’ असा साधा शोधही रेंगाळतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक वेगळीच अडचण येते. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप बनवते आणि त्यासाठी २०० जागा राखते. इंग्रजीला त्या भरपूर होतात. देवनागरीतला प्रत्येक वर्ण, काना, मात्रा किंवा हलन्त, पत्त्यात सांकेतिक रूपात उतरताना ९ जागा खातो. म्हणजे एकूण जेमतेम २२ चिन्हे. ‘सामान्यांच्या’ या एका शब्दातच १३ खर्ची पडतात. दुसरा जोडाक्षरी शब्द अनेकदा मध्येच तुटतो. पत्ता हाताने रोमन लिपीत लिहिणे हा त्यावर चालणारा तोडगा.

खुंट्या सगळ्यांसाठी असल्या, की त्यावर कोण काय टांगतो याची जबाबदारी घरमालकावर येते. एखाद्या प्लगइनचा लेखक ते सोडून देतो, त्यातले भोक मात्र उघडे राहते. २०१३ पासून वर्डप्रेस स्वतःच्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसवते. प्लगइनसाठी तशी सोय २०२० मध्ये आली, तीही मालकाने सुरू केली तरच.

ड्रुपल या दुसऱ्या नामांकित सीएमएसचा अनुभव यापेक्षा कडक आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी तिच्या सातव्या आवृत्तीतला दोष जाहीर झाला आणि दुरुस्तीही देण्यात आली. डेटाबेसला फसवणाऱ्या आज्ञा अडवण्यासाठी लिहिलेल्या भागातच तो दोष होता आणि पासवर्डशिवाय कुणालाही आत शिरता येत होते. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा चमूने सांगितले: घोषणेपासून ७ तासांत दुरुस्ती केली नसेल, तर आपली साइट फोडली गेली असे धरून चाला. ही मुदत भारतीय वेळेनुसार पहाटे साडेचारला संपली होती. महाराष्ट्रात आदल्या दिवशी विधानसभेचे मतदान झाले होते आणि इथले बहुतेक साइटमालक झोपेत होते. सकाळी उठून अपडेट केलेल्यांनाही सुटका नव्हती, कारण आत शिरलेल्याने करून ठेवलेल्या चोरवाटा अपडेटने बुजत नाहीत. त्यांना सल्ला मिळाला तो १५ तारखेपूर्वीच्या बॅकअपवरून सगळी साइट नव्याने उभी करण्याचा.