वाळवणाची खोली: आपण बांधावी का?

मे महिना आला की राईत प्रश्न एकच, वाळवण घालायचं कुठे? अंगणात गाड्या, गच्चीवर कावळे. म्हणून गटाच्या बैठकीत विषय निघाला: एकीच्या पडवीला लागून दहा बाय आठ फुटांची पारदर्शक पत्र्यांची खोली आपणच बांधू, मजुरी वाचेल.

थंड देशांत घराला लागून अशी काचेची खोली बांधतात. ऊन आत येतं, ऊब आतच राहते. त्यांना ऊबच हवी असते. आपल्या पापडांतलं पाणी मात्र वाफ होऊन बाहेर जायला हवं. खोली बंद ठेवली तर तीच वाफ पत्र्यावर जमून पापडांवर ठिबकते, मग बुरशी. उत्तनला बोंबील बांबूंवर टांगतात, ते वाऱ्यासाठीच ना! म्हणून खाली एका बाजूला आणि वर समोरच्या बाजूला जाळीची झडप हवीच.

आता छपराचं. १७ मे २०२१ चं तौक्ते वादळ आठवतंय? तेव्हा मुंबईत वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. अशा वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो. आपलं छप्पर साडेसात चौरस मीटरचं, म्हणजे साडेतीनशे किलोंचा धक्का. सिमेंटच्या सात गोणी समजा. सुतळीने आणि खिळ्यांनी ते राहणार नाही. त्यात खाडीची खारी हवा, साधे स्क्रू लवकर गंजतात. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: सांगाडा, पायाचे बोल्ट आणि छप्पर वेल्डरकडून करून घ्यावं. जमीन सपाट करणं, जाळ्या, मांडण्या, रंग आपण करू. पत्रा बसवताना ऊन सोसणारी बाजू वर आली का, तेवढं उभं राहून बघायचं. उलटा बसला तर लवकर पिवळा पडतो.

साहित्य घेण्याआधी महानगरपालिकेत परवानगीचं विचारावं. खाडी आणि तिवरं जवळ असतील तर सीआरझेडचंही. शेजारच्याने बांधली म्हणून आपली चालेल असं नाही.

आणि बायांनो, पैसे गटाचे, जागा एकीच्या सासऱ्यांची. उद्या घराची वाटणी झाली तर खोली कोणाची? हे विचारताना आम्हालाही अवघडल्यासारखं झालं, पण विचारलं. खोली नटबोल्टची, सुटी करता येईल अशीच असावी. ती गटाची आहे असा ठराव वहीत लिहून सासऱ्यांचीही सही घ्यावी. तोवर या मोसमात बांबूच्या चौकटीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून दोन किलो पापड वाळवून बघतोय.