ऐकू आलं हं!

डावीकडून कुणी हाक मारली की मी ढिम्म! ऑफिसात ‘भाव खातो’ असा शिक्काच बसला. खरं कारण, लहानपणी फुटलेला कान. पडद्याचं ताजं, छोटं भोक बरेचदा आपोआप भरतं; माझं जुनं होतं. अशा कानात आजीचं तेलही घालायचं नसतं, बरं का!

डॉक्टर म्हणाले, ‘टिम्पॅनोप्लास्टी करू.’ म्हणजे ठिगळ! कानामागे छेद देऊन तिथल्या स्नायूवरचं पातळ आवरण काढलं आणि पडद्याला आतून लावलं. दुर्बिणीने थेट कानाच्या नळीतूनही हे जमतं. मग काही आठवडे कान कोरडा, नाक शिंकरणं बंद, विमान बंद, शिंक तोंड उघडून.

परवा डावीकडून कुणीतरी कुजबुजलं, ‘भाव खातो.’

मी वळलो. ‘ऐकू आलं हं!’