डोहाळे की आजार? तीव्र उलट्यांवर संशोधन करायचं तर आधी मोजायचं काय?

'गरोदर मातांमधील मळमळ व उलट्यांवर अमुक उपायाची परिणामकारकता' अशा धाटणीचे विषय नर्सिंगच्या सिनॉप्सिसमध्ये नेहमी दिसतात. विषय चांगलाच आहे. पण गाईडकडे जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. मी नेमकं काय मोजणार आहे? आज हाच प्रश्न धरून 'हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम', म्हणजे गरोदरपणातल्या अतितीव्र मळमळ-उलट्यांबद्दल बोलू.

साध्या उलट्या आणि हा आजार

गरोदरपणात मळमळणं अगदी सामान्य आहे. बहुतेक बायकांना ते कमी-जास्त होतंच. हायपरएमेसिस मात्र साधारण ०.३ ते ३.६ टक्के गरोदरपणांत आढळतो. हा आकडा इतका पसरट का? त्याचं एक मोठं कारण म्हणजे वेगवेगळ्या अभ्यासांनी वेगवेगळी व्याख्या वापरली. २०२१ मध्ये रुग्ण आणि तज्ज्ञांनी मिळून 'विंडसर व्याख्या' मांडली. त्यानुसार त्रास १६ आठवड्यांच्या आत सुरू झालेला हवा, मळमळ किंवा उलटी यांपैकी निदान एक तीव्र हवी, नीट खाता-पिता येत नसावं आणि रोजचे व्यवहार अडलेले असावेत. शरीरातलं पाणी कमी झाल्याची लक्षणं निदानाला हातभार लावतात.

आता आपल्याकडची अडचण बघा. आपल्या घरांत या सगळ्याला एकच शब्द आहे, 'डोहाळे'. शब्द गोड आहे, पण त्यात चिंच खावीशी वाटणं आणि घोटभर पाणीही न टिकणं दोन्ही एकाच पोत्यात जातं. 'सगळ्यांनाच होतं, सहन कर' असं सासू, आई, कधी कधी दवाखान्यातले लोकही म्हणतात आणि बाई उशिरा पोचते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांजवळ असताना, असा उशीर फार महागात पडू शकतो.

मोजमापाचे तीन सापळे

पहिला सापळा वजनाचा. गरोदरपणाआधीच्या वजनात ५ टक्क्यांहून जास्त घट हा जुना निकष अजूनही वापरला जातो. समजा बाईचं वजन ४२ किलो होतं. ५ टक्के म्हणजे फक्त २.१ किलो. पण आधीचं वजन कुणाला माहीत असतं? माता-बाल संरक्षण कार्डावर पहिली नोंद नाव नोंदवलं त्या दिवसाची असते, आणि हा त्रास तर साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात सुरू होतो. म्हणजे नोंद होईपर्यंत किलो-दीड किलो आधीच गेलेलं असू शकतं. त्यात काटा बदलला, कधी चपलेसकट वजन घेतलं, की आकड्याचा अर्थच उरत नाही. म्हणून वॉर्डात रोज तोच काटा, तीच वेळ आणि तितकेच कपडे हवेत.

दुसरा सापळा लघवीतल्या कीटोनचा. कीटोन 'प्लस' जितके जास्त तितका आजार तीव्र, असं अनेक ठिकाणी शिकवलं जातं. पण ब्रिटनच्या रॉयल कॉलेजची २०२४ ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की कीटोनवरून पाणी कमी झालंय की नाही किंवा आजार किती तीव्र आहे हे ठरवू नका. तुमच्या अभ्यासाचा निकष कीटोनवर उभा असेल तर व्हायवात प्रश्न येणारच.

तिसरा सापळा भाषेचा. 'प्यूक' नावाची छोटी प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या २४ तासांत मळमळ किती तास होती, उलट्या किती झाल्या आणि उमासे किती आले, असे तीन प्रश्न. प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ६ पर्यंत सौम्य, ७ ते १२ मध्यम, १३ ते १५ तीव्र. आता मराठीत विचारून बघा. उमासा म्हणजे पोट आवळून येतं, पण बाहेर काही पडत नाही. पुष्कळ जणी त्यालाही 'ओकारी'च म्हणतात. मग एकच घटना दोनदा मोजली जाते किंवा एकदाही नाही. म्हणून भाषांतर, उलट भाषांतर आणि मग १०-१५ जणींना 'या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?' असं विचारून पाहणं ही कामं टाळू नका.

याच प्रश्नावलीची आणखी एक मर्यादा आहे. दिवसभर मळमळ (५ गुण), पोटात काहीच नाही म्हणून उलट्या दोनच (२ गुण), उमासे चार (३ गुण). बेरीज १०, म्हणजे 'मध्यम'. पण तिच्या पोटात काल सकाळपासून पाणीही टिकलेलं नाही! म्हणून गुणांसोबत तिने काय प्यायलं, त्यातलं किती टिकलं आणि लघवी किती झाली हे लिहायलाच हवं.

मग नर्सिंग केअर म्हणजे काय?

इथेच सिस्टरचं काम सुरू होतं, आणि ते फक्त सलाईन लावण्यापुरतं नाही. इनटेक-आउटपुट चार्ट, नाडी, रक्तदाब आणि पोटॅशियमच्या रिपोर्टवर लक्ष ठेवायचं. साधारणपणे नॉर्मल सलाईन देतात आणि गरजेप्रमाणे त्यात पोटॅशियम घालतात. दिवसेंदिवस उलट्या झालेल्या बाईच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी झालेलं असतं. अशा वेळी थायमिन न देता डेक्स्ट्रोज चालू केलं तर मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. 'डॉक्टर, थायमिन दिलंय का?' हा सिस्टरचा एक प्रश्न जीव वाचवू शकतो. बाई गोंधळल्यासारखी वागते, तिला दोन-दोन दिसतं, चालताना तोल जातो, तर लगेच कळवायचं.

बाकी गोष्टी साध्या, पण नेमाने करायच्या. फोडणीच्या वासापासून दूरचा पलंग, प्रत्येक उलटीनंतर चूळ, थोडं थोडं खाणं, पडून राहिल्याने पायात गुठळी होत नाही ना याची तपासणी. आणि तिचं म्हणणं खरं मानणं. हे 'मनाचे खेळ' नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर'मधल्या शोधनिबंधाने दाखवलं की गर्भाकडून येणारं जीडीएफ-१५ हे हार्मोन आणि त्याबद्दलची आईची संवेदनशीलता यांचा या आजारात मोठा वाटा आहे. त्या संशोधनातल्या मार्लेना फेझो यांना स्वतःला हा आजार झाला होता, आणि त्यांच्या त्रासाकडेही तेव्हा गांभीर्याने पाहिलं गेलं नव्हतं.

डिझाइनमधली सगळ्यात मोठी चूक

समजा तुम्ही नवव्या आठवड्यातल्या ३० जणी घेतल्या, प्री-टेस्ट केली, मनगटावर अ‍ॅक्युप्रेशर दिलं आणि चार आठवड्यांनी पोस्ट-टेस्ट केली. गुण झकास कमी झाले, पी-व्हॅल्यूही सुंदर आली. पण हा त्रास नवव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतो आणि विसाव्यापर्यंत बहुतेकींचा आपोआप ओसरतो. काहीही न देता नुसत्या गप्पा मारल्या असत्या तरी गुण उतरलेच असते. म्हणून कंट्रोल ग्रुप हवा, दोन्ही गटांत गरोदरपणाचे आठवडे सारखे हवेत, आणि तीव्र आजार असलेल्या बाईचे नेहमीचे उपचार अभ्यासासाठी थांबवायचे नाहीत. एथिक्स कमिटी हे विचारेलच, पण आपण आधी विचारलेलं बरं.

सॅम्पल कुठून घ्याल याचाही विचार करा. दर महिन्याच्या ९ तारखेचं प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या मातांसाठी आहे. तिथे उभं राहून हायपरएमेसिस शोधाल तर मिळणार नाही, आणि 'आपल्याकडे हा आजार फारसा नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघेल. या बायका पहिल्या तिमाहीत असतात. एकतर घरी कॉटवर, नाहीतर कॅज्युअल्टीत सलाईनवर. तिथपर्यंत पोचायचं तर आशाताई आणि एएनएम सिस्टर यांना सोबत घ्यावं लागेल.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल त्या दिवशी एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा: माझी व्याख्या कोणती, माझं मोजमाप कोणतं, ते बाईच्या भाषेत तिला कळतं का आणि तिचा त्रास आपोआप कमी झाला असता का. या चारही ओळी भरल्या की मगच विषयाचं शीर्षक ठरवा.