केल्टांनी न खाल्लेली कोंबडी

दक्षिण इंग्लंडमधल्या लोहयुगीन वस्त्यांच्या उत्खननात कोंबड्यांचे आणि सशांचे सांगाडे सापडले आहेत. ते अखंड आहेत. हाडांवर सुरीचा ओरखडा नाही, आणि प्राणी काळजीपूर्वक पुरलेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार ते इ.स.पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकातले, म्हणजे ब्रिटनमधल्या अगदी पहिल्यावहिल्या कोंबड्यांपैकी आणि सशांपैकी! आग्नेय आशियातल्या रानातून निघालेला हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या मजल दरमजल करत त्या टोकाच्या बेटावर पोहोचला आणि तिथल्या केल्ट लोकांनी त्याला चुलीपासून लांब ठेवलं.

इ.स.पू. ५५ आणि ५४ मध्ये ब्रिटनवर स्वारी करणाऱ्या ज्युलियस सीझरनं हेच नोंदवलंय. ससा, कोंबडी आणि हंस खाणं हे लोक निषिद्ध मानतात, मात्र हौसेनं पाळतात. त्याच्या इतर काही वर्णनांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही, पण इथे हाडंच साक्षीला उभी आहेत. रोमनांविरुद्ध बंड पुकारणाऱ्या राणी बूडिकाचीही गोष्ट आहे. इतिहासकार डिओ सांगतो, की सैन्यापुढे भाषण संपवताना तिनं वस्त्राच्या ओच्यातून एक ससा सोडला. तो शुभ बाजूला धावला आणि सैन्यानं जल्लोष केला. डिओनं हे शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलं, तरी सशाच्या धावेत देवाचा कौल शोधणारी माणसं त्यात स्पष्ट दिसतात.

फ्रान्समधल्या गूर्ने-स्युर-आरोंद इथल्या केल्ट देवस्थानात तर याहून थक्क करणारा विधी चाले. म्हातारे बैल आणि गाई आणून मानेवर कुऱ्हाडीचा घाव घालत आणि अख्खं जनावर मधल्या मोठ्या खड्ड्यात सोडून देत. मांसाचा तुकडाही कुणी घ्यायचा नाही. जनावर तिथेच काही महिने कुजत राही. तो दर्प, त्या माश्या सगळ्यांनी सोसायच्या, कारण ते भूमीतल्या देवतेचं जेवण होतं. मग खड्डा साफ करून हाडं भोवतालच्या चरात टाकत, कवट्या प्रवेशद्वारापाशी मांडत. भक्तांच्या पंगतीला कोकरं आणि डुकराची पिल्लं असत. म्हणजे देवाचं ताट वेगळं, माणसाचं वेगळं. कुठलं जनावर कुणाच्या वाट्याचं, हे इतक्या कसोशीनं ठरवणाऱ्या लोकांना रोमनांनी रानटी म्हणावं, हे मला पटत नाही.

पुढे रोमन राजवटीत ब्रिटनमध्ये कोंबडी सर्रास खाल्ली जाऊ लागली. पण श्रद्धेचा ओघ उलटाही वाहिला. एपोना ही केल्टांची घोड्यांची देवी. शिंगरांच्या मधोमध बसून त्यांना चारा भरवणारी. तिला रोमन घोडदळानं आपलंसं केलं, तबेल्यांमध्ये तिचे देव्हारे आले, त्यांना गुलाबाच्या माळा चढू लागल्या आणि १८ डिसेंबर हा तिचा सण इटलीतल्या पंचांगात नोंदला गेला.