टोपी विकताना

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ ची शिवछत्रपतींची स्वारी आठवते. मला मात्र त्याबरोबर टोप्या आठवतात. १९७४ च्या उन्हाळ्यात मी मामांकडे सुरतेला गेलो होतो. मामांच्या ओळखीने भागळजवळच्या एका जुन्या कापडदुकानात दीड महिन्याची नोकरी मिळाली. गादीवर शेठ, खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर गिऱ्हाइके आणि कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात टोप्या. ते कपाट माझ्याकडे होते.

टोपी आणि सुरत यांचे नाते जुने आहे. इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या आरंभी येथेच वखार घातली. या युरोपीय व्यापाऱ्यांना आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘टोपीकर’ म्हटले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्यांच्यापासून सावध राहण्याचा उपदेश आहे. आपली माणसे पागोटी बांधत असल्यामुळे परक्याची ओळख त्याच्या टोपीवरून पटे. पुढे टोपी आपल्याच डोक्यावर चढली, तो भाग निराळा!

आमच्या कपाटात काळ्या लोकरी टोप्या होत्या, मखमलीच्या गोल टोप्या होत्या, लहान मुलांसाठी सुरती जरीकाम केलेल्या टोप्या होत्या. सर्वांत वरच्या फळीवर शोल्याच्या भेंडाची एक साहेबी टोपी धूळ खात पडली होती. खप मात्र खादीच्या पांढऱ्या टोपीचा.

या पांढऱ्या टोपीमागे चांगला विचार आहे. आपल्या बेळगावात काही काळ शिक्षक असलेले काका कालेलकर यांनी गांधीजींशी झालेले यासंबंधीचे बोलणे नमूद करून ठेवले आहे. गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांतील शिरोभूषणे पाहिली. पागोट्याला कापड फार लागते. काळ्या टोपीत घाम मुरतो आणि मळ दिसत नाही. काश्मिरी टोपीचा घाट त्यांना पसंत पडला. तो घेऊन त्यांनी टोपी सुती व पांढरी केली. पांढऱ्यावर मळ दिसतो, म्हणून ती धुतली जाते. घडी करून खिशातही मावते. गंमत अशी की स्वतः गांधीजींनी १९२१ साली पंचा स्वीकारला आणि टोपी सोडली. पण ती देशाच्या डोक्यावर राहिली.

आता माप कसे घेतात ते सांगतो. फीत भुवयांच्या थोडी वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवायची आणि आत एक बोट ठेवायचे. आमच्याकडे नंबर म्हणजे घेराचे इंच : २१, २१॥, २२, २२॥. साहेबी हॅटचा नंबर ढोबळमानाने व्यासाचा असतो. घेर २२ इंच असेल तर २२ ला २२/७ ने भागून ७ येतात. शाळेत पाठ केलेला पाय मला कळला तो या कपाटापाशी!

पण मापापेक्षा मोठी गोष्ट शेठनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. विणताना सूत ताणलेले असते. पाण्यात पडले की ते आखडते. म्हणून कोरी खादीची टोपी अर्धा इंच मोठी द्यावी.

एके दिवशी मागावर काम करणारा एक खानदेशी गृहस्थ आला. त्याने खिशातून गाठ मारलेला दोरा काढला. गावी असलेल्या वडिलांच्या डोक्याचे ते माप होते. घरात लग्न होते. टॉवेल-टोपीचा मान आपल्याकडे किती मोठा, हे सांगायला नको. दोरा भरला २२ इंच. २२॥ ची टोपी संपली होती. ‘उद्या या’ म्हणालो असतो तर गिऱ्हाईक गेले असते. मी २२ ची दिली. दोऱ्याशी ती बरोबर जुळली, त्याचेही समाधान झाले.

तीन आठवड्यांनी तो परत आला. भांडला नाही. टोपी चादरीवर ठेवून एवढेच म्हणाला, “भाऊ, लग्नाच्या आधी धुतली. बाप मांडवात टोपी हातात धरून बसला.”

शेठनी मला एका शब्दानेही विचारले नाही. त्यांनी मापाची नवी टोपी काढून त्याला दिली, पैसे परत केले आणि मला सांगितले, “दोरा खरा होता, तू खोटा निघालास.”

मराठीत फसवण्याला ‘टोपी घालणे’ का म्हणतात, याची व्युत्पत्ती पंडितांनी शोधावी. मला तिचा अर्थ त्या दिवशी समजला. पुढे मी चौतीस वर्षे अध्यापन केले. तास संपवण्याच्या घाईत एखादी पायरी गाळून उत्तर फळ्यावर लिहावे, असा मोह अनेकदा झाला. वर्गात ते उत्तर सर्वांना बरोबर बसते. आखडते ते पुढे, परीक्षेच्या मांडवात. अशा वेळी तो गाठीचा दोरा डोळ्यांपुढे येई आणि मी खडू पुन्हा हातात घेई.

आता डोक्यावर टोपी क्वचितच दिसते. तरुणांचे केस मोकळे असतात, आणि दुचाकीवर शिरस्त्राण आले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कपाटे रिकामी झाली तरी चालेल. माप घेणाऱ्याने धुतल्यानंतरचा विचार करावा, इतकेच म्हणणे आहे.